लिंबाजी मामांचं तेल

आधीच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्जापुरतं, आणि तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, म्हणून आता गल्लीतले अर्ज माझ्याकडे येतात. अर्जाची भाषा ठरलेली असते. माणसाबद्दल कसं लिहावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्यात लिंबाजी मामा माझ्या नात्याचे नव्हेत. अहमदपूरला आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत, एवढाच माझा हक्क. शिवाय मी जे सांगणार आहे त्यात त्यांच्या फजितीचा भाग मोठा आहे, आणि दुसऱ्याची फजिती चारचौघांत मांडताना मला लाज वाटते. गाड्यांतलं मला बेताचंच कळतं. त्यात काही चुकलं तर ती चूक माझी, मामांची नव्हे.

मामा ट्रॅक्टरचे मिस्त्री. नांदेड रोडला पत्र्याचं शेड, पुढे लिंबाचं झाड, आणि झाडाखाली कायम एखादा उघडा पडलेला ट्रॅक्टर. उंच, थोडे वाकलेले, आणि अंगात पांढरा शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालणारा दुसरा मिस्त्री मी पाहिला नाही. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, आणि संध्याकाळी घरी येताना त्यावर डाग नसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, डाग पडला म्हंजी हात चुकला. मामी मात्र म्हणायच्या की ह्यांचे डाग आम्हाला विचारा, फडक्यांच्या बादलीत बघा.

त्यांची बोलायची सुरुवात ठरलेली होती. ‘कसं काय’ वगैरे नाही. समोर माणूस असो की इंजिन, पहिला प्रश्न एकच : श्वास कसा हाय? म्हाताऱ्या बायांना विचारायचे, मावशी, जिना चढताना दम लागतो का? मी बारावीच्या परीक्षेला निघालो तेव्हा सगळ्यांनी पेपर नीट लिही म्हणून सांगितलं. मामांनी अडवून सांगितलं, पेपर हातात पडला की आधी श्वास घे, मग नाव लिही. त्यांचं तत्त्वज्ञान म्हणायचं तर हेच होतं. खायला उशीर झाला तर माणूस निभावतो, श्वासाला उशीर झाला तर निभावतो का? म्हणून डिझेलपेक्षा त्यांना हवेची काळजी जास्त. कुठलाही ट्रॅक्टर आला, तक्रार ब्रेकची असली तरी, आधी एअर क्लीनर उघडायचे.

जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये खाली एक वाटी असते. त्या वाटीत तेल भरायचं. बाहेरची हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते आणि स्वच्छ हवा इंजिनात शिरते. साधी गोष्ट. पण सोयाबीनच्या मळणीत भुसा असा उडतो की त्या तेलाचा काळा चिखल होतो, आणि शेतकऱ्याला तेव्हा मान वर करायला वेळ नसतो. मामा मग स्वतः शेतोशेत फिरायचे. मोटरसायकलला तेलाचा कॅन बांधलेला. मळणी चालू असेल तिथे उतरायचे, इंजिन बंद करायला लावायचे, वाटी धुवायचे आणि नवं तेल ओतायचे. ओतताना त्यांचं मनगट बघावं. पंगतीत तूप वाढणारा माणूस जसा ‘पुरे पुरे’ म्हटल्यावर अजून एक धार सोडतो, तसं. तेलाला हात आखडू न्हाई, म्हणायचे. वाटीला खूण असते तिथवरच भरायचं असतं हे त्यांना माहीत होतं. पण खुणेवर थांबणं त्यांना कंजूषपणाचं वाटायचं.

धुळीवर त्यांचा अभ्यास होता. फिल्टर तळहातावर आपटून पडलेली धूळ ते बोटाने पसरायचे, वास घ्यायचे, आणि गाडी कुठून फिरून आली ते सांगायचे. एकदा एक भाड्याची जीप चालवणारा बायकोला घेऊन आला होता. दोघं तिच्या माहेरी निघाले होते, वाटेत गाडी गुरगुरायला लागली. मामांनी फिल्टर आपटला आणि सहज म्हणाले, उदगीरकडची तांबडी माती हाय, चांगली मुरलेली, नेहमीचं जानं दिसतंय. बायको म्हणाली, हे तर रोज नांदेडला जातेत. मामांनी चूक सुधारायची म्हणून अजून एकदा वास घेतला आणि अजून ठामपणे उदगीर म्हणाले. त्या बाईने तिथेच शेडमध्ये नवऱ्याला विचारलं, उदगीरला कोन हाय? तो माणूस पुढे कित्येक महिने आमच्या गल्लीतून गेला नाही. मामांना मात्र त्याचं काही वाटलं नव्हतं. ते म्हणाले, धूळ खोटं बोलत न्हाई, आता मी काय करू.

ट्रॅक्टरवाल्यांची पोरं हळूहळू कार घेऊ लागली. बापाचा ट्रॅक्टर मामांकडे, म्हणून पोराची गाडीही मामांकडे. मामांनी पहिल्यांदा कारचा फिल्टर उघडला तेव्हा आत घडी घातलेला कागद निघाला. तो उजेडाकडे धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, कागदातून श्वास घ्यायलंय हे? ह्याच्यापरीस तोंडाला रुमाल बरा. आणि तो कागद मळला की फेकून द्यायचा हे ऐकून तर त्यांना रागच आला. धुता येत नाही, तेल लावता येत नाही, अशी वस्तू मिस्त्रीच्या हाताला देण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं.

अशात नांदेडच्या एका सामानविक्याने त्यांना लाल फिल्टर दाखवला. बाहेरच्या देशातला, निदान पुडक्यावर तसं लिहिलेला. आत जाळी, जाळीत कापसाचे पदर, आणि त्या पदरांना तेल लावायचं. मळला की धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल लावायचं. जन्मभर पुरतो म्हणे. मामांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आहे. शिकायला परगावी गेलेला मुलगा शेवटी आपल्याच वळणावर आला की बापाचा चेहरा होतो, तसा. ते सारखे म्हणत होते, बघा, फिरून तेलावरच आले का न्हाई? त्यांच्या वाटीतलं तेल आता मोठमोठ्या लोकांनी मान्य केलं होतं.

मग त्यांनी ज्याच्या त्याच्या गाडीला लाल फिल्टर लावला. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. औषध सापडलेला माणूस ते ज्याला त्याला देत सुटतो, तसं. नवा फिल्टर तेल लावूनच येतो, पण मामांना तो कोरडा वाटायचा. पुडक्यात एक छोटी बाटली येई, पातळ लाल तेलाची, आणि सोबत चिठ्ठी, की हलक्या हाताने एकेका पदरावर लावा आणि मुरू द्या. बाटली बघून मामा हसायचे. इंजिनाला अत्तर लावायचं हाय का? चिठ्ठी इंग्रजीत होती. ती त्यांनी माझ्याकडून एकदा वाचून घेतली आणि म्हणाले, त्यांच्याकडं धूळच कुठंय, त्यांना एवढ्यात भागतंय. बाटली संपली की, किंवा संपायच्या आधीच, ट्रॅक्टरच्या कॅनमधलं तेल यायचं. जाळी चांगली निथळेपर्यंत. पंगतीतलं तूप.

सुरुवातीला सगळे खूश. गाडी मोकळी झाली, आवाज भारी येतो, असं जो तो सांगायचा. काही महिन्यांनी तक्रारी यायला लागल्या. पिकअप जातो, चढाला गाडी मरगळते, समोरच्या काट्यांजवळ पिवळा दिवा. मामांनी आधी डिझेलला दोष दिला. एका पंपावर तर ते इतकं बोलले की पंपवाल्याने हात जोडले. मग इंजेक्टर, मग पाइप. लाल फिल्टरवर त्यांचा संशय स्वप्नातसुद्धा गेला नाही. उलट गाडी मरगळली की ते फिल्टर धुवून अजून तेल ओतायचे.

यात एक गोष्ट चांगली घडत होती, आणि ती कशी घडते ते कुणाला माहीत नव्हतं. ज्या गाड्या लातूरला जाऊन यायच्या त्या बऱ्या होऊन यायच्या. मामांची मुलगी सुजाताताई डिप्लोमा करून लातूरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागली होती. वर्कशॉपमध्ये काम करणारी तिथली ती एकटीच मुलगी. आमच्या गल्लीत तिच्या नोकरीचे पेढे वाटले तेव्हा बुद्धविहारात तिचा सत्कार झाला होता, आणि मामा पहिल्या रांगेत न बसता दाराशी उभे राहिले होते. अहमदपूरचे लोक तिच्या ओळखीने तिथे जायचे. ती गाडी घ्यायची, बरी करून द्यायची आणि सांगायची, धूळ बसली होती, साफ केली. लोक परत येऊन मामांना सांगायचे. मामा म्हणायचे, कितीबी केलं तरी पोरगी कुनाची.

हे सगळं उघडं पडलं त्या दिवशी मी तिथे होतो. नसतो तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. बिरादार गुरुजी म्हणून आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांची गाडी दुसऱ्यांदा त्याच दुखण्याने लातूरला निघाली होती. मला जातपडताळणीच्या कामासाठी लातूरला जायचं होतं, आणि मामांना मुलीला शेंगदाण्याची चटणी द्यायची होती. गुरुजींनी दोघांनाही गाडीत घेतलं. चाकूरच्या पुढे गाडीचा दम संपला. ट्रक, टेम्पो, अगदी उसाची ट्रॉलीसुद्धा आम्हाला मागे टाकून गेली. मामा पुढच्या सीटवर बसून गुरुजींना सांगत होते की लातूरला गेलो की पोरीला सांगून डिझेलची टाकीच धुवून घेऊ.

सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांनी काचेच्या खोलीत बसायचं असतं. आम्ही बसलो. काचेतून सुजाताताई दिसत होती, निळ्या कपड्यांत. तिने गाडीचं झाकण उघडलं, हवेचा पाइप काढला, त्यातून पेनाच्या टोपणाएवढी एक वस्तू काढली आणि पटकन खिशातलं फडकं तिच्यावर धरलं. तेवढ्यात तिचा मॅनेजर आला. तो काय बोलत होता ते दार उघडं असल्याने ऐकू येत होतं.

“हा सेन्सर मागच्या वेळी तूच साफ केला होतास ना? मग परत कसा खराब झाला?”

ताई म्हणाली, “सर, आमच्याकडं धूळ लई हाय.”

“धूळ सगळ्यांकडं आहे. अहमदपूरच्याच गाड्या परत परत का येतात? सगळ्या तुझ्याच हातच्या. तुला साफ करता येत नाही, का तू काही लपवतेस?”

ताई मान खाली घालून उभी राहिली. आजूबाजूच्या पोरांनी हातातली कामं थांबवली होती. त्यातला एक हसला.

मामा उठले. मला वाटलं मॅनेजरशी भांडायला निघाले. ते सरळ गाडीपाशी गेले, त्यांना कुणी अडवलं नाही, त्यांच्या चालण्यात काही तरी असावं. काढलेला पाइप तिथे ठेवला होता. मामांनी आतून बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते काळपट तेलाने माखलेलं. ते त्यांनी नाकाजवळ नेलं. धुळीचा वास घेऊन गाव सांगणारा तो माणूस. त्यांनी दुसऱ्यांदा वास घेतला नाही. सुजाताताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, बोलू नका म्हणून.

“साहेब,” मामा म्हणाले, “धूळ न्हाई ती. त्ये तेल माझं हाय.”

मॅनेजरला काही कळलं नाही. तेव्हा मामांनी त्याला सगळं सांगितलं, त्या हसणाऱ्या पोरांसमोर, काचेआडून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री, मी फिल्टर लावले, मी तेल ओतलं, ट्रॅक्टरचं तेल. ह्या पोरीचा काही दोष न्हाई. ही माझी मुलगी हाय म्हणून तिनं माझं नाव घेतलं न्हाई.

नंतर ताईने मला समजावलं ते असं. त्या सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तार असते. ती तापलेली असते, आणि तिच्यावरून किती हवा गेली ते ती मोजते. त्या मापावर गाडीचा संगणक डिझेल किती द्यायचं ते ठरवतो. फिल्टरमध्ये गरजेपेक्षा जास्त तेल असलं की हवेबरोबर ते पुढे ओढलं जातं आणि तारेवर त्याचा थर बसतो. मग तारेचं माप चुकतं. गाडीला भरपूर हवा मिळत असते, पण ती मिळत नाही असं तिला वाटतं, म्हणून ती डिझेल कमी देते आणि मरगळते. ट्रॅक्टरला अशी तार नव्हती, तिथे जास्तीचं तेल फार तर धूर काढायचं. ताई म्हणाली, फिल्टर वाईट न्हाई रे, चिठ्ठीत लिहिल्यापरमानं लावला असता तर कदाचित काही झालं नसतं. पण अण्णांना (वडिलांना ती अण्णा म्हणते) थोडं देता येत न्हाई कुनाला काही.

हे तिला पहिल्या गाडीतच कळलं होतं. तिने ते बापाला सांगितलं नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. सेन्सर साफ करायची, फिल्टर चुपचाप पुसून कोरडा करायची, आणि धूळ म्हणायची. मामा तो फिल्टर पुन्हा तेलात बुडवायचे. असं चाललं होतं.

तिथल्या आवारात बाप-लेक समोरासमोर उभे होते तेव्हा मी चटणीचा डबा हातात घेऊन लांब थांबलो होतो. तिला रडू आवरत नव्हतं. ती म्हणाली, कामून बोललात अण्णा? मी निभावलं असतं.

मामा म्हणाले, “निभावलं असतंस, म्हनूनच बोललो.”

तिची नोकरी गेली नाही. पण हातातलं काम काढून तिला गाड्या धुण्याच्या विभागात उभं केलं. ज्या मुलीचा विहारात सत्कार झाला होता ती पाण्याची नळी घेऊन उभी, हे मामांना गल्लीत कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सांगणारे असतातच.

लातूरहून परत येताना गुरुजी पावसापाण्याचं बोलत राहिले. यंदा तुरीला भाव राहील का, असं काहीबाही. मामा बराच वेळ हूं हूं करत होते. शिरूर ताजबंद जवळ आल्यावर म्हणाले, गुरुजी, एकदा तरी बोला की मला. गुरुजी म्हणाले, काय बोलू, लिंबाजी? आणि पुन्हा तुरीवर आले. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होतो. चांगुलपणाने माणसाला इतकं लाजवता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर जाऊ लागले. ज्याच्या गाडीला त्यांनी लाल फिल्टर लावला होता त्या प्रत्येकाच्या दारात. पिशवीत कागदाचा फिल्टर, आणि सेन्सर साफ करायचा फवारा. ताईने तो लातूरहून पाठवला होता, वापरायचा कसा तेही फोनवर तीनतीनदा सांगून. ज्या कागदाला ते रुमालापेक्षा वाईट म्हणाले होते तोच आता काखेत मारून निघायचे. दाराशी उभं राहून आधी सांगायचे, माझ्या हातून चुकलं, तुमच्या गाडीचं दुखनं मी लावलेलं हाय. मग आत जायचे.

त्यांना वाटलं होतं लोक बोलतील. लोकांनी चहा दिला. बायांनी पोहे केले. असू द्या हो मामा, गाडीच जुनी व्हती. एका घरात तर म्हातारीने उलट त्यांचीच समजूत काढली, की तुम्ही आमचा ट्रॅक्टर किती वर्षं सांभाळला, एवढ्याचं काय मनाला लावून घेता. मामा तिथून निघाले ते अधिकच वाकून. मला म्हणाले, बॅरिस्टर, (कॉलेजला गेल्यापासून मी त्यांच्यासाठी बॅरिस्टर झालो होतो) ह्या लोकांनी मला चहा पाजून पाजून मारायचं ठरवलंय.

बाळू नावाच्या एका पोराने तर फिल्टर द्यायलाच नकार दिला. त्याला त्याचा आवाज आवडायचा. मामांनी त्याला सेन्सर, तार, तेल, सगळं सांगितलं. बाळू म्हणाला, मामा, खरं हाय तुमचं, पर चौकातून निघालो की लोक वळून बघतेत. मामा त्याच्या अंगणात अर्धा दिवस बसून राहिले. शेवटी तडजोड अशी झाली की लाल फिल्टर राहील, पण मामा तो धुवून, चिठ्ठीत लिहिलंय तसं, त्या छोट्या बाटलीतलं तेल एकेका पदरावर लावून देतील. ते काम मी बघितलं. थेंब थेंब. प्रत्येक थेंबानंतर मनगट आपोआप पुढे जायचं आणि ते त्याला मागे ओढायचे.

शिव्या देणारा एकच भेटला, लातूरकडच्या मुरुडचा एक आडत्या. मामांनी दारातून चूक सांगितली आणि तो सुरू झाला. मिस्त्री म्हणवतोस, अक्कल गहाण ठेवली होती का, माझी गाडी भर रस्त्यात बंद पडली, बायकोपोरं उन्हात उभी होती. शेजारीपाजारी जमले. मामा ऐकून घेत होते. काम करून दिलं, हात धुतले आणि एसटीने घरी आले. मामी सांगत होत्या, त्या रात्री कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. म्हणाले, आज कुनीतरी माझं ऐकून घेतलं.

एक गाडी राहिली होती. मालकाने ती विकली होती, घेणाऱ्यानेही विकली होती, आणि ती उमरीकडे कुठे तरी गेली एवढंच कळत होतं.

मी मामांना शेवटचं पाहिलं ते त्या उमरीच्या गाडीपायीच. सुट्टी संपवून मी कॉलेजला नांदेडला परतलो होतो, तिथल्या बसस्थानकावर त्यांनी मला फोन करून बोलावलं. वसतिगृहावर या म्हटलं तर आले नाहीत. तुझ्या दोस्तांनी इचारलं हे कोन, कशाला आले, तर तू काय सांगशील, म्हणाले. मी म्हटलं, खरं ते सांगीन. त्यावर हसले. पांढरा शर्ट होता, बाह्या सोडलेल्या, पिशवी मांडीवर. उमरीला हे तिसऱ्यांदा चालले होते. पहिल्या दोन खेपांत मालक सापडला नव्हता. मी त्यांना म्हणालो की मामा, आता सोडा, ती गाडी आता कुणाकुणाच्या हातातून गेली असेल, फिल्टर कधीच बदलला असेल. त्या माणसाला तुम्ही कोण हेही माहीत नाही.

ते चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. म्हणाले, “चूक झाली, त्याचं काय न्हाई बॅरिस्टर. मानसाच्या हातून व्हते. पर माझी पोरगी खोटं बोलली. कधी बोलली नव्हती. माझं नाव राहावं म्हनून बोलली. आता त्या नावाला खरं केल्याबगर मी कसं राहू?”

मी उठून चहाचे पैसे देऊन आलो. कॉलेजात मी वादविवाद स्पर्धेत बक्षीस घेतलेलं आहे.

उमरीची बस लागली. मामा चढले. मागच्या दाराजवळ जागा मिळाली होती, पण एक बाई लेकराला घेऊन चढली तसे ते उठले. बस वळताना काचेतून त्यांचा वर दांडीला धरलेला हात आणि पांढरी बाही दिसली. चेहरा माणसांच्या मागे गेला होता. ते माझ्याकडे बघत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर माझ्या परीक्षा आल्या. घरी फोन व्हायचा तेव्हा आई नेहमीपेक्षा कमी बोलायची. मामा कसे आहेत म्हटलं की, हायेत की, असं म्हणून दुसरं काही काढायची. शेवटचा पेपर देऊन मी फोन केला तेव्हा तिने आधी विचारलं, पेपर झाले का सगळे? झाले म्हटलं. मग तिने सांगितलं की मामा गेले. शेडमध्येच, सकाळी, एका ट्रॅक्टरशी बसलेले असताना. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला. मामींनीच बजावलं होतं की पोराच्या परीक्षा होईपर्यंत त्याला कळू देऊ नका. त्या घरात माणूस गेलेलं असताना त्यांना माझ्या पेपरची काळजी. फोनवर मी ताईचं विचारलं. आई म्हणाली, तिला परत मशीनच्या कामावर घेतलंय, पण हे मामांना कळायच्या आधीच ते गेले.

मग आईने पुण्यानुमोदनाचं सांगितलं. आमच्यात वंदना झाली की लोक उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. खूप लोक आले होते, मंडप कमी पडला. गुरुजी बोलले, ट्रॅक्टरवाले बोलले, विहाराचे अध्यक्ष बोलले. मामांचा हात, मामांचा स्वभाव, मामांचा पांढरा शर्ट. फिल्टरचा विषय कुणी काढला नाही. गेलेल्या माणसाचं असलं काही काढायचं नसतं. सगळं आटोपत आलं तेव्हा सुजाताताई बायकांमधून उठली. मुली सहसा अशा वेळी बोलत नाहीत. माईकजवळ जाऊन म्हणाली, तुम्ही सगळे अण्णांबद्दल चांगलं बोललात. पर त्यांनी चूक केली व्हती. गाड्या बिघडवल्या. मी ती चूक झाकली. आन् मग त्यांनी घरोघर जाऊन सांगितली. त्येबी कुनीतरी सांगा.

आई सांगत होती, मामींनी पदर तोंडावर घेतला. मग गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले की हो, माझ्या घरी आले होते. बाळू उभा राहिला, म्हणाला, माझ्याबी. मागून एक आवाज, मग दुसरा. आमच्या घरी बी आलते. आमच्या बी. बायांमधून ती म्हातारी. मुरुडचा तो आडत्यासुद्धा आला होता म्हणे, त्यानेही हात वर केला.

“आन् सगळ्यात शेवटी एक मानूस उठला,” आई म्हणाली. “आपल्यातला न्हाई वाटला. कुनीच वळकत नव्हतं त्याला. स्वतःच्या गाडीनं आलता. उमरीचा हाव म्हनला. त्यो बी तेच बोलला.”